मिस्टर फौजेतून पेन्शनवर आलेत पण रात्र रात्र झोप नाही, डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात.. काय करावं?

कराडची_सून

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. नोकरीतली बरीच वर्षं काश्मीरमध्येच गेली, मधे आरआरला, म्हणजे राष्ट्रीय रायफल्सला, कुपवाड्याला होते. घरी आले त्या दिवशी गावाने मिरवणूक काढली, गुलाल, डीजे, औक्षण सगळं झालं आणि चावडीपाशी पोरांनी फटाक्यांची माळ लावली तर हे दिसेनात. शोधलं तर आमच्याच गोठ्यात गव्हाणीच्या मागे बसलेले, घामाने शर्ट भिजलेला. लोकं म्हणाली मेजर लाजले. मीपण हसून वेळ मारून नेली.

तेव्हापासून बघतेय. रात्री दोन अडीचला उठतात, घराभोवती चक्कर, कड्या तपासायच्या, मग ओट्यावर बसून राहायचं सकाळपर्यंत. झोपेत ओरडतात, एकदा मी हलवून उठवायला गेले तर माझा हात असा पिरगाळला की आठवडाभर गळ्यात होता, आणि भानावर आल्यावर स्वतःच रडायला लागले. पाटण रोडला मोटरसायकलवरून जाताना मोरी आली की गाडी हळू करून खाली वाकून बघणार, मगच पुढे. मुलगी म्हणते पप्पा शाळेला उशीर होतो तर तिच्यावर खेकसतात. बाकी माणूस एक नंबर आहे हो, आधी पोरांशिवाय घास उतरायचा नाही. आता पोरांच्या वाढदिवसाला पण आतल्या खोलीत.

एवढंच कळलंय की तिकडे आरओपीला, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता आणि मोऱ्या सुरुंगासाठी तपासायला, यांची ड्युटी होती, यांना ताप होता म्हणून यांचा बडी, म्हणजे जोडीदार जवान, गेला आणि तो परत आला नाही. हे पण मला त्यांच्या दुसऱ्या मित्राच्या बायकोकडून कळलं. स्वतः एक शब्द नाही.

कॅन्टीनची रम आधी शनिवारी असायची, आता रोज आहे. झोपेसाठी मेडिकलमधून कसलीतरी छोटी गोळी पण आणतात. सध्या एका बँकेच्या गाडीवर गनमॅन आहेत, स्वतःची बारा बोअर बंदूक आहे लायसनची. सासूबाई म्हणतात तिकडून काहीतरी लागून आलंय, उतारा झाला, अंगारा झाला. मी डॉक्टरचं म्हटलं की एकच वाक्य, "मी येडा हाय का?" परवा मात्र वेगळंच बोलले, म्हणे तुमचं पेन्शनवर नीट भागेल, माझ्यावाचून काही अडणार नाही. मला त्या दिवसापासून काही सुधरत नाहीये. कुणाच्या घरी असं झालंय का? कुठे न्यायचं, कसं न्यायचं, काय बोलायचं?

माजी_सुभेदार_कोरेगाव

ताई, फौजी माणूस रिकामा बसला की असंच होतं. आम्ही पण श्रीलंका बघितली, ८७ ला गेलो होतो, आजूबाजूला काय काय झालं ते सांगत बसत नाही. पहाटे पाचला उठवा, पाच किलोमीटर पळू दे, शेतात काम करू दे, रात्री आपोआप झोप लागते. रम बंद करा. आमच्या वेळी असली डिप्रेशनची फॅशन नव्हती. जवान आहे, वाघ आहे, त्याला पेशंट करू नका.

मन_डॉक_पुणे

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. बाकी सगळं नंतर लिहिते, आधी बंदूक.

ताई, तुम्ही ते वाक्य शेवटी लिहिलंय पण माझ्यासाठी तेच पहिलं आहे. "माझ्यावाचून अडणार नाही", रोजची दारू, झोप नाही आणि घरात बारा बोअर, हे चार एका घरात असताना थांबायचं नाही. त्यांना सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरत नाही, उलट बहुतेक जण सुटल्यासारखे बोलायला लागतात. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) इमर्जन्सीला रेफरल आधी लागत नाही, ते कागद मागाहून होतात. रात्री काही सुचेना तर १४४१६ लावा, टेली मानस, सरकारची मानसिक मदतीची लाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आर्मीसाठी याच टेली मानसचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीला १ डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे.

बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवायची. निवडणुकीच्या वेळी पोलीस स्टेशनला हत्यारं जमा होतात ना, तशी एरवी पण ठेवता येतात, नाहीतर लायसनधारक डीलरकडे, पावती मिळते. हिसकावून किंवा लपवून नाही, ते शुद्धीत आणि शांत असताना, त्यांच्याच हातून. अशी वेळ दाटून येते तेव्हा ती बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

आणि ती छोटी गोळी. बहुधा अल्प्राझोलाम किंवा तत्सम असणार, पत्ता बघून नाव मला मेसेज करा. दारूवर ही गोळी म्हणजे झोपेत श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. पण तुम्ही एका दिवसात दोन्ही बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याची दारू आणि रोजची ही गोळी झटक्यात तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हे डॉक्टरच्या देखरेखीतच कमी करायचं. वर सुभेदार साहेबांनी रम बंद करा लिहिलंय, हेतू चांगला आहे पण असं परस्पर करू नका.

ज्ञानमार्ग

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. अकाली गेलेल्या मित्राचा आत्मा अडकला असेल. शंभर टक्के फरक पडेल.

एएमसी_वाला

ज्ञानमार्ग, पूजा ज्याला करायची त्याने जरूर करावी, पण पूजेची तारीख मिळेपर्यंत बंदूक घरात ठेवायची का ते सांगा.

वहिनी, मी एएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये, नर्सिंग असिस्टंट होतो, साइक वॉर्डला पण ड्युटी केलीय, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. सुभेदार साहेब, माफ करा पण आजार तुमच्या वेळी पण होता. आमच्या गावात पणजोबांच्या पिढीतला एक म्हातारा होता म्हणे, मेसोपोटेमियातून आलेला, पावसात वीज कडाडली की उखळाखाली डोकं घालायचा आणि पोरं त्याला चिडवायची. फौजेत हा आजार लपवला जातो कारण मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची ग्रेड, तिला शेप म्हणतात. शेपमधलं पहिलंच अक्षर एस, म्हणजे डोक्याचं, मनाचं. तिथे वन, म्हणजे पूर्ण फिट, त्याचं टू झालं की प्रमोशन अडकणार, कोर्स अडकणार, हातातलं हत्यार जाणार, आणि युनिटमध्ये मागून बोलणार की हा साइकचा. म्हणून पोरगा ऍन्युअल मेडिकलला "नो कम्प्लेंट साहब" म्हणून शेप वन घेऊन बाहेर येतो आणि रात्री बंकरमध्ये जागा. वीस वर्षं लपवायची सवय झालेला माणूस पेन्शन आल्या आल्या तुमच्यापुढे कसा बोलेल? त्यांच्या "मी येडा हाय का" मधे हे सगळं आहे.

म्हणून डॉक्टर, टेन्शन, मन हे शब्दच काढू नका. झोप म्हणा. झोपेची तक्रार फौजी मान्य करतो, त्यात कमीपणा नाही. "अहो बीपी चेक करू, झोप होत नाही तर शुगर वाढत असेल, ईसीएचएसला जाऊन येऊ" एवढंच. पॉलिक्लिनिकला मेडिकल ऑफिसर बसतात, मानसोपचारवाला बहुतेक ठिकाणी नसतो, पण तिथूनच रेफरल मिळतं एम्पॅनेल्ड, म्हणजे योजनेतल्या, हॉस्पिटलला नाहीतर आर्मी हॉस्पिटलला. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला साइकियाट्री डिपार्टमेंट आहे आणि तिथल्या डॉक्टरला आरओपी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा. यांच्या आत जायच्या आधी तुम्ही एका कागदावर चार ओळी लिहून ओपीडीत डॉक्टरकडे द्या. रात्री उठणं, हात पिरगाळला ते, मोरी, रम, गोळी, आणि ते परवाचं वाक्य. कारण आत गेल्यावर हे सावधान होऊन "ठीक हूँ सर" म्हणणार, लिहून देतो.

अजून एक, झोपेतून उठवताना हात लावू नका. पायाकडे लांब उभं राहून नावाने हाक मारा, लाइट लावा, "घरी आहात, कराडला आहात" म्हणा. आम्ही वॉर्डात तसंच करायचो.

ओढ्याकाठी

ताई, वाचून अंगावर काटा आला, तुमच्या जागी मी होते. आमचे हे ऑपरेशन पराक्रमला, पाकिस्तान बॉर्डरवर फौज लावली होती तेव्हा, बॉर्डरवर होते, सुरुंग पेरताना त्यांच्या सेक्शनमधला एक जण त्यांच्या डोळ्यादेखत गेला. घरी आल्यावर गवतात पाय ठेवायचे नाहीत, बांधावरून सुद्धा पायवाट सोडून चालायचे नाहीत आणि आमचं तर सगळं पोट शेतीवर. सगळ्यांनी आळशी ठरवलं. पिणं वाढलं. मग आमच्या मामांनी त्यांना दिंडीत नेलं, पंढरपुरात माळ घातली आणि खरंच सांगते, दारू सुटली, आजपर्यंत थेंब नाही. सगळ्या गावाने म्हटलं विठ्ठलाने सोडवलं. पण स्वप्नं सुटली नाहीत. दारू नसल्यामुळे उलट जास्त यायला लागली, आधी निदान बेशुद्ध तरी पडायचे. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर घाबरले नसते. मग पुण्याला दाखवलं, गोळ्या आणि बोलणं दोन्ही चालू झालं. सुरुवातीला महिनाभर काहीच फरक नाही, म्हणायचे पैसे वाया. नंतर हळूहळू. आता भुईमुगाला पाणी द्यायला एकटे जातात. पूर्ण बरे झाले असं नाही म्हणणार, १५ ऑगस्टच्या आसपास आणि त्या मित्राच्या तारखेला बिघडतंच, पण आता आम्हाला दोघांना माहीत असतं की बिघडणार आहे.

आणि स्वतःकडे बघा हो. मी दोन वर्षं माहेरी खोटं बोलत होते की सगळं छान आहे.

मन_डॉक_पुणे

ओढ्याकाठी ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे. दारू हे बऱ्याच जणांनी स्वतःच शोधलेलं औषध असतं, ते काढलं की खालचं उघडं पडतं. म्हणून दोन्हीचा इलाज एकत्र चालू करावा लागतो, आधी व्यसनमुक्ती मग बघू असं नाही. दारूसाठी पुण्यात मुक्तांगण आहे, नेताना हा फौजेतला त्रास आहे हे तिथे पहिल्याच दिवशी सांगायचं.

इलाजाबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं शॉक देतात आणि गुंगीत ठेवतात. तुमच्या वर्णनावरून मला पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, शंका येते पण निदान समोर बसूनच होतं, इथे नाही. सर्ट्रालीनसारखी गोळी देतात, ती झोपेची नाही, सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन नावाची बीपीची जुनी गोळी काहींना देतात, काहींना छान लागू पडते काहींना काहीच नाही. पहिल्या डोसला उठताना चक्कर येते म्हणून रात्री झोपताना घ्यायची.

खरा इलाज मात्र बोलण्याचा. साधारण ८ ते १६ बैठका, आठवड्याला एक. त्यात तो प्रसंग सुरक्षित ठिकाणी, थेरपिस्टसोबत पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. ऐकायला क्रूर वाटतं. पण टाळल्यामुळेच ती आठवण ताजी राहते, ओली जखम पट्टीखाली झाकून ठेवल्यासारखी. मोरीचं उदाहरण घ्या. वाकून बघितलं, काही नव्हतं, पण मेंदू हे शिकला नाही की मोरी सुरक्षित आहे, मेंदू हे शिकला की आपण बघितलं म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या मोरीला पुन्हा बघावंच लागतं. थेरपीत ठरवून, आधी लहान मोरी, दिवसाउजेडी, थेरपिस्टने सांगितलेल्या क्रमाने, न बघता पार करायची आणि भीती वर जाऊन आपोआप खाली येते हे अंगाने अनुभवायचं. आणि "माझ्या जागी तो गेला" यावर वेगळं काम करावं लागतं. तुम्ही घरी त्यांना "तुमची काय चूक" असं समजवायला जाऊ नका, ते त्यांनी हजारदा स्वतःला सांगून बघितलंय. तो विषय तुम्ही उकरून पण काढू नका, त्यांनी काढला तर मधे न तोडता ऐका.

सगळे जण शंभर टक्के बरे होतात असं नाही, पण मोठ्या संख्येने लोकांचा त्रास खूप कमी होतो, कित्येकांना ते निदानच लागू राहत नाही.

कराडची_सून

सगळ्यांचे खूप आभार, रात्री वाचून रडले पण बरं वाटलं. सकाळी चहाच्या वेळी विचारलं डॉक्टर ताईंनी सांगितलं तसं. हात थरथरत होते माझे. खूप वेळ गप्प बसले, मग म्हणाले "मनात येतं, पण पोरींकडं बघून जातं." झोपेसाठी ईसीएचएसला यायला तयार झाले, तेवढ्यावर मी पुढचं काही बोलले नाही. अडचण बंदुकीची आहे. ती जमा केली तर नोकरी जाणार, गनमॅनला स्वतःचं हत्यार लागतं. घराचं कर्ज आहे. आणि बँकेत कळलं की हा मानसिक पेशंट तर पुढे कुणीच ठेवणार नाही.

मन_डॉक_पुणे

तुम्ही विचारलंत हेच फार मोठं काम केलंत. मनात येतं म्हणालेत ना, मग अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, आजच न्यायचं. पोरींकडे बघून जातं ही चांगली गोष्ट आहे पण त्यावर विसंबायचं नाही. जाईपर्यंत कुणीतरी सोबत हवं, दीर, शेजारी, कुणीही.

बँकेचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पेशंटची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, डॉक्टर परस्पर मालकाला कळवत नाही. कंपनीला "आजारी आहे, मेडिकल रजा" एवढंच सांगा. आणि स्पष्टच लिहिते, रोज पिऊन, न झोपता, भरलेली बंदूक घेऊन कॅशच्या गाडीवर बसणं हे त्यांच्यासाठीच नाही तर गाडीतल्या सगळ्यांसाठी धोक्याचं आहे.

एएमसी_वाला

वहिनी, त्यांना फौजी भाषेत सांगा. सिक रिपोर्टला गेलेला जवान हत्यार कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, जमा करूनच जातो, त्यात कुणाची इज्जत गेली नाही आजवर. "बरे होईपर्यंत कोतमध्ये" म्हणा, पटेल त्यांना. काडतुसं पण सोबत द्या, ती घरात राहतात आणि लोकं विसरतात. पावती जपून ठेवा आणि लायसनच्या रिन्यूअलची तारीख बघून घ्या म्हणजे नंतर ऑफिसच्या चकरा नकोत.

नोकरीचं म्हणाल तर मेस्कोकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळाकडे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव घाला, बिनहत्याराच्या पण जागा निघतात.

रेकॉर्ड_क्लर्क

पेन्शनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, पण हे दुसऱ्या नंबरचं काम आहे, आधी इलाज. डिस्चार्ज बुक आणि रिलीज मेडिकल बोर्डची कॉपी शोधून ठेवा, नसेल तर बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. शेप वनमध्ये बाहेर आलेत म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शनची केस सोपी नाही, पण आत्तापासूनचा प्रत्येक ओपीडीचा कागद, रेफरल, औषधाची चिठ्ठी तारखेसकट फाइलला लावा. डिसॅबिलिटी २० टक्के किंवा वर आणि ती नोकरीमुळे झाली किंवा नोकरीमुळे वाढली हे दोन्ही लागतं. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं आणि आजार नोकरीमुळे नाही हे सरकारने दाखवायचं. मात्र तो सर्व्हिसमध्ये असतानाच आजार निघालेल्या माणसाचा आहे, तुमचं प्रकरण वेगळं, म्हणून आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं काम करणाऱ्या वकिलालाच दाखवा, मुंबईला बेंच आहे. गावात फिरणाऱ्या एजंटला टक्केवारीवर कागद देऊ नका.

ह्यूस्टनची_नर्स

मूळची वाईची, इकडे व्हेटरन्सच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. इकडे सगळं छान आहे असं मुळीच नाही, व्हिएतनामवरून आलेले आजोबा आत्ता पंच्याहत्तरीत पहिल्यांदा तोंड उघडतात. पण एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. १९७९ पासून इकडे व्हेट सेंटर म्हणून आहेत, हॉस्पिटलपासून वेगळी, दुकानाच्या गाळ्यासारखी जागा, आणि तिथे बोलायला बसणारे बरेच जण स्वतः लढाईवरून आलेले. ज्यांनी डॉक्टरला पाऊल ठेवू दिलं नाही ते तिथे कॉफीला येतात आणि मग पुढचं घडतं. तुमच्या भागात माजी सैनिकांची संघटना गावोगावी आहे, झेंडावंदनापलीकडे तिथे हे व्हायला काय हरकत आहे? इथल्या कुणी मनावर घ्या.

माजी_सुभेदार_कोरेगाव

मी अजूनही म्हणतो, सकाळचं पळणं पाहिजेच, डॉक्टर बाई पण नाही म्हणणार नाहीत.

ताई, पलटण कुठली आणि बेळगावला रंगरूट कुठल्या साली होते ते मला मेसेजमध्ये कळवा. मराठ्याला मराठा भेटायला आला तर नाही म्हणत नाही. डॉक्टर बाई म्हणतात तसं आजच निघू, मी दुपारपर्यंत गाडी घेऊन कराडला पोचतो, मला पण शुगरच्या गोळ्या घ्यायच्यात पॉलिक्लिनिकमधून, जोडीने जाऊ म्हणून सांगा. वाटेत पोलीस स्टेशन लागेल तिथे हत्याराचं पण बघू, मी सोबत असलो की चार प्रश्न कमी विचारतील. त्यांना मी डॉक्टरकडे घेऊन चाललोय असं सांगू नका, सुभेदार साहेबांना सोबत पाहिजे म्हणा.

कराडची_सून

मेसेज केलाय साहेब. ईसीएचएसचं कार्ड त्यांचं आलंय, माझं अजून यायचंय, नुसती पावती आहे. ती चालेल ना? मला पण आत जायचंय डॉक्टरकडे.

एएमसी_वाला

तात्पुरती स्लिप चालते वहिनी, आधार कार्ड सोबत ठेवा. पॉलिक्लिनिकच्या ओपीडीची वेळ संपली असली तर परत फिरू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा आणि तो चार ओळींचा कागद न्यायला विसरू नका.